नाताळ, मीलाद, यलदा

२०१५ सालचा डिसेंबर आमच्या चांगला लक्षात आहे. त्या वर्षी ईद-ए-मीलाद २४ डिसेंबरला आली आणि दुसऱ्याच दिवशी नाताळ. आमची शाळा वसई तालुक्यात, उर्दू माध्यमाची. मोहल्ल्यात हिरवे झेंडे, पताका आणि दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. मोहल्ला संपून ख्रिस्ती वस्ती सुरू होते तिथून पुढे दारोदार कागदी चांदण्या टांगल्या होत्या. संध्याकाळी रस्त्याच्या तोंडाशी उभे राहिले की कोणती माळ कोणाची हे सांगता येऊ नये, असा सगळा एकच उजेड दिसे.

आम्ही तेव्हा नुकतेच बी.एड. होऊन शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. २३ तारखेला, म्हणजे दोन दिवसांच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत सहावीच्या वर्गातून गलका ऐकू आला. एका मुलीने डबा आणला होता. डब्यात कुलकुल, शिंपल्यासारखी वळलेली, तळून साखरेत घोळवलेली. तिच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक ख्रिस्ती बाई राहत, मुले त्यांना आंटी म्हणत. दर नाताळाला आंटींकडून यांच्याकडे डबा येई आणि दर ईदला यांच्या घरून त्यांच्याकडे शीरखुर्मा जाई. या वेळी आंटींनी एक डबा वेगळा भरून दिला होता, शाळेतल्या मैत्रिणींसाठी. पण मैत्रिणींपैकी कोणी हात लावेना. "हराम है, मत खा," असे एक जण म्हणाली आणि मग सगळ्याच म्हणू लागल्या. आम्ही दारात दिसताच ती मुलगी डबा घेऊन पुढे आली.

"सर, आप बोलो ना इनको. खा सकते हैं ना?"

आम्हाला उत्तर माहीत होते. अहले किताबचे अन्न मुसलमानांना हलाल आहे, हे सूरह मायदामध्ये स्पष्ट आले आहे. मैदा, अंडे, नारळाचे दूध, साखर यांत हराम ते काय? सणाचे म्हणून आलेल्या पदार्थाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हेही आम्हाला ठाऊक होते. तेवढे जरी सांगितले असते तरी पोरीची बाजू राहिली असती. पण आमच्या मागे आमचे दोन ज्येष्ठ सहकारी येऊन उभे राहिले होते. त्या दोघांची सकाळीच शिक्षकखोलीत जोरात जुंपली होती. एक मीलादच्या जुलूस कमिटीत होते. दुसऱ्यांच्या मते जुलूस ही सरळसरळ बिदअत, दीनमध्ये मागाहून घुसवलेली गोष्ट. सकाळभर एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे त्या डब्याबाबत मात्र एकमताने मान हलवत होते. "ये तो सूरज के पुजारियों का त्योहार है," एक म्हणाले. दुसऱ्यांनी दुजोरा दिला.

आम्ही नवे. नोकरी कच्ची. आम्ही म्हणालो, "अभी डिब्बा बंद करो. घर जाके खाना."

मुलीने डबा बंद केला आणि जागेवर जाऊन बसली. झाले ते एवढेच.

जानेवारीत आम्ही नववीच्या वर्गाला गझल शिकवत होतो. एका शेरात शब-ए-यलदा हा शब्द आला. उर्दू-फारसी कवितेत तो पदोपदी भेटतो. विरहाची, काळीकुट्ट, संपता न संपणारी रात्र, असा अर्थ आम्ही फळ्यावर लिहिला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, शब तो रात हुई. यलदा मतलब?" हा शब्द आम्ही इतकी वर्षे वाचला, परीक्षेत लिहिला, पण हे कधी कोणाला विचारले नव्हते. "कल बताता हूं," म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन लुगत उघडली.

यलदा हा शब्द मुळात फारसी नाही, तो सुर्यानी आहे. सुर्यानी ही पूर्वेकडच्या ख्रिश्चनांची धर्मभाषा; हजरत ईसा अलैहिस्सलाम ज्या आरामी भाषेत बोलत तिचीच एक शाखा. आणि यलदाचा अर्थ जन्म! अरबीतल्या व-ल-द या धातूची ही सख्खी बहीण. आपले वालिद, वालिदा, औलाद, वलादत, मौलूद आणि मीलाद सगळे त्याच घरातले. एवढेच काय, आपल्याकडच्या जुन्या जमिनीच्या कागदांवर 'अमुक वल्द तमुक' लिहिलेले असते, तो वल्दही तिथलाच. इराणी मुलखात राहणाऱ्या ख्रिश्चनांनी ईसांच्या जन्माच्या रात्रीला यलदा म्हटले आणि ते नाव तिथल्या लोकांनी वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीला लावले. आजही इराणमध्ये २० किंवा २१ डिसेंबरच्या रात्री घरोघरी आजी-आजोबांभोवती माणसे जमतात, डाळिंब, कलिंगड, सुकामेवा खातात, हाफिजचा दिवाण उघडून फाल पाहतात आणि उशिरापर्यंत जागतात. २०२२ मध्ये युनेस्कोने इराण आणि अफगाणिस्तानच्या या प्रथेची आपल्या वारशाच्या यादीत नोंद केली. त्या रात्री डाळिंब सोलणारी मंडळी मुसलमान असतात, सण इस्लामपूर्व काळातला आणि नाव ख्रिश्चनांकडून आलेले. तरी तो त्यांचाच.

मग आम्ही 'नाताळ' या शब्दाकडे वळलो. तो आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांचा अंमल होता. त्यांच्या भाषेत नाताल म्हणजे जन्मदिवस. मूळ लॅटिन शब्द नातालिस. वास्को द गामा १४९७ मध्ये भारताकडे येत असताना नाताळाच्या सुमारास आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून गेला त्यालाही त्याने नाताल असेच नाव दिले, ते अजून चालू आहे. म्हणजे नाताळ, मीलाद, यलदा हे तीन भाषांतले तीन शब्द, आणि तिघांचाही अर्थ एकच. हे कळल्यावर आम्हाला त्या बंद डब्याची पुन्हा आठवण झाली. 'सूरज के पुजारियों का त्योहार' हे वाक्य कितपत खरे, हे एकदा नीट तपासून पाहावे असे वाटू लागले. पुढची काही वर्षे जमेल तसे वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की ईसांच्या जन्माची तारीख इंजीलमध्ये नाही. सुरुवातीच्या ख्रिश्चनांना ती शोधण्याची फारशी गरजही वाटली नाही. त्यांचा मोठा सण ईस्टर. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा मोठा पंडित ओरिजेन याने तर असा आक्षेप घेतला होता की, धर्मग्रंथात वाढदिवस साजरे करताना दिसतात ते फिरऔन आणि हेरोद यांच्यासारखे जालिम. सज्जन माणूस कोणी दिसत नाही. त्याच्या आधी, इसवी सन २०० च्या सुमारास, त्याच शहरातल्या क्लेमेंटने लोक सांगत असलेल्या काही तारखा नोंदवून ठेवल्या. त्यांत एप्रिल आहे, मे आहे. २५ डिसेंबर मात्र नाही.

ही तारीख पहिल्यांदा भेटते ती रोममध्ये. इसवी सन ३५४ मध्ये तिथे एक पंचांगवजा ग्रंथ तयार झाला. त्यातल्या एका यादीत, जी ३३६ सालची मानली जाते, २५ डिसेंबरला बेथलेहेममधील ख्रिस्तजन्म नोंदलेला आहे. त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या यादीत त्याच तारखेसमोर 'अजिंक्याचा जन्म' अशी नोंद आहे, आणि अजिंक्य म्हणजे सूर्य असे अभ्यासक मानतात. जन्मासाठी शब्द तोच, नातालिस. रोमन पंचांगात वर्षातला सर्वांत लहान दिवस २५ डिसेंबर धरला जाई. त्या दिवसापासून दिवस वाढू लागतो, म्हणून तो सूर्याचा जन्म. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये या अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले होते. आमच्या सहकाऱ्यांच्या वाक्याला आधार आहे तो हा.

पण अभ्यासकांचा दुसरा पक्षही तितकाच वजनदार आहे. महापुरुष ज्या दिवशी दुनियेत आला त्याच तारखेला गेला, अशी त्या काळी एक समजूत होती. ख्रिश्चनांच्या हिशेबाप्रमाणे ईसांना सुळावर दिले गेले ती तारीख २५ मार्च. तीच मरियमला जिब्रईलने बशारत दिल्याची तारीख धरली आणि पुढे नऊ महिने मोजले तर २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडच्या काही ख्रिश्चनांनी अशाच हिशेबाने ६ एप्रिल धरला, त्यांचा आला ६ जानेवारी. आर्मेनियाचे चर्च आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करते. सूर्याच्या सणाची जागा घेतली की मरियमच्या दिवसांचा हिशेब केला, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. कदाचित दोन्ही गोष्टींचा हात असेल.

तारखेचे असे, तर प्रथांचे काय? त्या तर मुलखामुलखांतून गोळा झालेल्या आहेत. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आमच्याकडे डिसेंबरचा लहानातला लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. लंडनमध्ये तो ८ तासांहून कमी आणि नॉर्वेच्या ओस्लोमध्ये जेमतेम ६ तासांचा. दुपारी जेवून उठावे तो अंधार. बर्फाने शेते गाडली गेलेली, झाडांवर पान नाही. अशा मुलखातल्या माणसाला 'आजपासून दिवस वाढणार' ही बातमी सणासारखी वाटली तर नवल काय? उत्तर हिंदुस्थानात नाताळाला 'बडा दिन' म्हणतात, त्याचाही अर्थ दिवस मोठा होऊ लागतो म्हणून, असा अनेक जण लावतात.

रोममध्ये १७ डिसेंबरपासून काही दिवस सॅटर्नेलिया नावाचा सण चाले. त्या दिवसांत मालक आणि गुलाम यांच्या जागा बदलत. मालकच गुलामांना जेवण वाढत. मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या भेट म्हणून दिल्या जात. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा हिवाळी सण म्हणजे यूल. दहाव्या शतकात नॉर्वेचा राजा हाकोन याने यूल आणि नाताळ एकाच वेळी साजरे व्हावेत असा कायदा केला, असे आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसन याने लिहून ठेवले आहे. त्या देशांत नाताळाला आजही यूल असेच म्हणतात. चर्चच्या धोरणाचा एक कागद तर फार बोलका आहे. ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने इंग्लंडला गेलेल्या आपल्या माणसांना कळवले की, तिथल्या लोकांची देवळे पाडू नका, मूर्ती तेवढ्या नष्ट करून तिथेच प्रार्थना सुरू करा. बैल कापायची सवय आहे तर ते अल्लाहचे आभार मानून कापू द्या आणि जेवणावळी होऊ द्या.

सूचिपर्णी झाड घरात आणण्याची प्रथा जर्मन लोकांची. १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या घरांत अशी झाडे उभी करून त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदे आणि साखर लावत, असे एका प्रवाशाने नोंदले आहे. इंग्लंडात हे झाड घरोघर पोहोचले ते १८४८ नंतर, राणी व्हिक्टोरिया आणि तिचे जर्मन पती अल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे चित्र वर्तमानपत्रात आल्यावर. नाताळाचे छापील भेटकार्ड १८४३ चे. डिकन्सची नाताळावरची प्रसिद्ध कथाही त्याच वर्षीची.

लाल कपड्यांतला सांताक्लॉज तर मूळचा आजच्या तुर्कस्तानातला. चौथ्या शतकात मायरा या गावी निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने पैशावाचून अडली होती. निकोलस यांनी रात्री अंधारात त्याच्या घरात मोहरांच्या थैल्या टाकल्या, अशी त्यांची कथा आहे. १०८७ मध्ये इटलीच्या खलाशांनी त्यांच्या अस्थी बारी शहरात नेल्या. डच लोकांनी त्यांना सिंटरक्लास म्हटले, अमेरिकेत गेल्यावर त्याचे सांताक्लॉज झाले, आणि १९ व्या शतकातल्या कवींनी व व्यंगचित्रकारांनी त्यांना आजचे गोलमटोल रूप दिले. मुलीच्या लग्नाची चिंता आणि कोणाला न कळता केलेली मदत, यातले परके असे आम्हाला काही दिसेना. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये ही शिकवण आपणही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

हे सगळे वाचत असताना आम्हाला सर्वांत जास्त थांबायला लावले ते इंग्लंडच्या प्युरिटन लोकांनी. हे अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिश्चन. त्यांचे म्हणणे असे की, ही तारीख धर्मग्रंथात नाही, हे झाड-पाला, खाणे-पिणे, नाचगाणे सगळे मूर्तिपूजकांचे. सबब हा सण बंद झाला पाहिजे. १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने खरोखरच नाताळ रद्द केला. त्या नाताळाला कँटरबरीत दंगल झाली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला ५ शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर नाताळाची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली.

प्युरिटनांची ही तक्रार वाचताना आम्हाला आमची शिक्षकखोली ऐकू येत होती. किताबात नाही, पहिल्या पिढीने केले नाही, शेजाऱ्यांकडून उचलले. मीलादच्या जुलूसविरुद्ध बोलणारे आमचे सहकारी हेच तर म्हणत होते! आणि जुलूस काढणारे सहकारी, ज्यांना हा आक्षेप स्वतःच्या सणाबाबत मान्य नव्हता, त्यांनीच तो शेजाऱ्याच्या सणाला लावला होता.

मीलादचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या दरबारात मीलाद होत असे. पण सर्वसामान्यांच्या मोठ्या सोहळ्याचे पहिले सविस्तर वर्णन मिळते ते आजच्या इराकमधल्या इर्बिलचे. तिथले अमीर मुजफ्फरुद्दीन कोकबूरी हे सुलतान सलाहुद्दीन अय्यूबींचे मेहुणे. ते १२३३ मध्ये वारले. त्यांच्या मीलादला बगदाद, मोसुलपर्यंतचे लोक येत, लाकडी मंडप उभे राहत, मशालींची मिरवणूक किल्ल्यावरून खानकाहपर्यंत जाई, आणि भरपूर अन्नदान होई. हे सगळे इर्बिलमध्येच जन्मलेल्या इब्ने खल्लिकान यांनी लिहिले आहे. पुढे इमाम सुयूती यांच्यासारख्या आलिमांनी याला बिदअत तर म्हटले, पण चांगली बिदअत म्हटले. काहींनी तेही मान्य केले नाही. वाद आजवर चालू आहे.

आता योगायोग पाहा. ज्या काळात इर्बिलमध्ये मशाली निघत होत्या त्याच काळात, १२२३ च्या नाताळाच्या रात्री, इटलीच्या ग्रेचो गावात फ्रान्सिस नावाच्या फकिराने एक गव्हाण मांडली. गवत, खरा बैल, खरे गाढव. गरीब शेतकऱ्यांना ईसांचा जन्म किती गरिबीत झाला ते डोळ्यांनी दिसावे, एवढाच हेतू. आज घरोघर आणि चर्चच्या अंगणात गाईगुरांचा जो देखावा मांडतात त्याला या गव्हाणीमुळेच चालना मिळाली. आणि हेच फ्रान्सिस चार वर्षे आधी, १२१९ मध्ये, सलीबी युद्ध ऐन भरात असताना, शस्त्रावाचून इजिप्तमध्ये दिम्यातजवळ सुलतान अल-कामिल यांना भेटायला गेले होते. सुलतानांनी त्यांचे ऐकून घेतले आणि सुखरूप परत पाठवले. अल-कामिल कोण? सलाहुद्दीन अय्यूबींचे पुतणे. एकाच घराण्याचा जावई मीलाद थाटात करतो आणि त्याच घराण्याचा मुलगा गव्हाण मांडणाऱ्याला पाहुणा म्हणून वागवतो. तिकडे फ्रान्सिस आणि इकडे कोकबूरी, दोघांनाही एकच करायचे होते. ज्याच्यावर जीव आहे त्याचा जन्म साध्या माणसाला डोळ्यांपुढे दिसावा.

मग आमच्यात आणि त्यांच्यात फरक नाही काय? आहे, आणि तो झाकायचे कारण नाही. ख्रिश्चन ईसांना अल्लाहचा पुत्र मानतात, आम्ही अल्लाहचे बंदे आणि रसूल मानतो. अकीद्याच्या या प्रश्नावर मिळतेजुळते घेता येत नाही आणि घेऊही नये. दुसरा फरक पंचांगाचा. आमचे वर्ष चंद्राचे, ३५४ दिवसांचे. अरबांमध्ये मधूनमधून महिना पुढे ढकलण्याची चाल होती ती कुरआनने बंद केली. त्यामुळे आमचे सण कोणत्याच ऋतूला बांधलेले नाहीत. ३२-३३ वर्षांत ते उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळे फिरून येतात. २०१५ ला मीलाद आणि नाताळ शेजारी आले ते या फिरण्यामुळेच. आम्हाला थंडीचा असा कायमचा सण नाही. पण सगळ्यांच्या सणांशेजारी कधी ना कधी उभे राहण्याची पाळी येते.

जन्म मात्र आम्हालाही मान्य आहे, आणि नुसता मान्य नाही, आम्ही तो तिलावतीत वाचतो. कुरआनात नावाने उल्लेख असलेली स्त्री एकच, हजरत मरियम; त्यांच्या नावाची पूर्ण सूरह आहे. एकटी बाई, वस्तीपासून दूर, खजुराच्या बुंध्याला टेकलेली, कळांनी इतकी हैराण की याआधीच मेले असते तर बरे असे म्हणते. मग आवाज येतो, दुःख करू नको, पायाशी पाण्याचा झरा आहे, खोड हलव, ताजे खजूर पडतील. ताजा खजूर पिकतो तो उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणून जन्म डिसेंबरचा नसावा असा तर्क कोणी करतात. कोणी म्हणतात, तो मोजिजा होता, त्याला मोसम कसला? तारखेच्या वादात पडण्यापेक्षा आम्हाला वाटते, तिला जे मिळाले ते पाहावे. एकाकी बाईला पाणी आणि गोड खाणे मिळाले. हिजरतीपूर्वी सहाबा हबशाला आसऱ्यासाठी गेले तेव्हा हजरत जाफर यांनी नजाशी राजापुढे याच सूरहची तिलावत केली होती. राजा ख्रिश्चन होता. तो रडला आणि त्याने मुसलमानांना परत पाठवायचे नाकारले. आमच्या पहिल्या निर्वासितांना छप्पर मिळाले ते मरियमच्या गोष्टीवर.

बेथलेहेममध्ये जन्मस्थानाच्या चर्चसमोर चौकात हजरत उमर यांच्या नावाची मशीद आहे. त्या एका गावात नाताळ तीनदा येतो: पाश्चात्त्य पंथांचा २५ डिसेंबरला, जुने पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स लोकांचा ७ जानेवारीला आणि आर्मेनियन लोकांचा १९ जानेवारीला. २०२३ मध्ये गाझातल्या युद्धामुळे तिथे रोषणाई झाली नाही. एका ल्यूथरन चर्चने गव्हाण मांडली ती सिमेंटच्या ढिगाऱ्यात, आणि बाळ गुंडाळले पॅलेस्टिनी रुमालात. त्या ढिगाऱ्यापाशी सणाचे मूळ कुठले, हा प्रश्न कोणी विचारला असेल असे वाटत नाही.

मध्यंतरी वसई स्टेशनवर एका तरुणीने सलाम केला. ओळख पटायला वेळ लागला. ती डबेवाली मुलगी! पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. बोलता बोलता आम्हीच तो विषय काढला, कारण तो आमच्या मनात होता. ती हसली.

"सर, उस दिन मैंने घर जाके झूठ बोला. आंटी को बोला, सबने खाया, सबको बहुत पसंद आया. आधे मैंने रास्ते में खाए, आधे कबूतरों को डाल दिए."

आम्ही काही बोललो नाही.

"आंटी इतनी खुश हुईं सर, कि अगले साल और बड़ा डिब्बा दिया, सहेलियों के लिए. मैं चार साल झूठ बोलती रही."

गाडी आली, ती गेली. आम्ही फलाटावर उभे राहिलो. अन्नाचा फतवा आम्हाला तोंडपाठ होता, आणि आम्ही एका अकरा वर्षांच्या मुलीला खोटे बोलायला शिकवले. त्या खोट्यात तरी तिने आंटींचे मन राखले; आम्ही तेवढेही केले नव्हते.

अल-बिरूनी यांनी हजार वर्षांपूर्वी 'आसारुल बाकिया'मध्ये निरनिराळ्या कौमांचे सण लिहून ठेवले. त्यात ख्रिश्चनांचे सण आणि रोजे आहेत. समोरचा काय मानतो ते आधी नीट समजून घ्यायचे, हा त्यांचा रस्ता. त्यांचा अकीदा त्यामुळे ढिला झाला नाही. दुसऱ्याच्या सणाचे मूळ शोधावे, जरूर शोधावे. पण ते त्याच्या तोंडावर फेकण्यासाठी शोधू नये. मुळे खणायला लागलो तर आपल्याही अंगणात पुष्कळ ठिकाणची माती निघते.

आता दर डिसेंबरला, नाताळाच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, आम्ही परिपाठात दहा मिनिटे मागून घेतो. फळ्यावर तीन शब्द लिहितो: नाताळ, मीलाद, यलदा. मुले अर्थ शोधतात. सूरह मरियममधली गोष्ट सांगतो. काय मानतो आणि काय मानत नाही, तेही सांगतो. आमचे ते ज्येष्ठ सहकारी आता निवृत्त झाले. नव्यांपैकी काहींना हे पसंत नाही, ते तसे तोंडावर सांगतात, आणि आम्ही ऐकून घेतो.

वर्गात डबा आलाच तर पहिला हात आम्ही घालतो. ज्याला खायचे नसेल त्याने खाऊ नये, पण शुक्रिया म्हणून नाही म्हणावे, असे मुलांना सांगतो. आणि डबा आणणाऱ्याला सांगतो की, घरी जाऊन काय झाले ते खरे खरे सांग.